साध्या लेन्सवर क्लोज-अप फिल्टर: जवळची छायाचित्रे नीट कशी काढावीत

क्लोज-अप फिल्टर म्हणजे लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायचे एक बहिर्गोल भिंग. अगदी जवळून छायाचित्रे घेण्यासाठी बनवलेल्या मॅक्रो लेन्सची किंमत ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे, त्यांना कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या किट लेन्सवरच सड्यावरची (खडकाळ पठारावरची) इवलीशी फुले, कुळागरातले (सुपारीच्या बागेतले) किडे किंवा गोव्यात चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीतली रानफळे टिपण्यासाठी हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. बाजारात +१, +२, +४ आणि +१० अशा चार भिंगांचा संच सहज मिळतो. या संचाविषयी ‘चित्र पुसट येते’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते आणि ती खोटी नाही. पण भिंगाच्या मर्यादा ओळखून लेन्स, छिद्र (अ‍ॅपर्चर) आणि विषय यांची निवड केली, तर याच काचांतून अत्यंत समाधानकारक छायाचित्रे मिळतात, असे माझे ठाम मत आहे.

फिल्टरवरचा आकडा डायॉप्टरचा, म्हणजे भिंगाच्या शक्तीचा असतो आणि त्यावरून वस्तूपासूनचे अंतर लगेच काढता येते. लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला, तर एक मीटरला त्या आकड्याने भागून येणाऱ्या अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसते: +१ ला १ मीटर, +२ ला ५० सेंटीमीटर, +४ ला २५ सेंटीमीटर आणि +१० ला अवघे १० सेंटीमीटर. फोकस जवळ आणला, की हे अंतर आणखी घटते. दोन भिंगे एकत्र लावता येतात आणि त्यांच्या आकड्यांची बेरीज होते. मात्र मोठ्या आकड्याचे भिंग लेन्सला लागून ठेवावे आणि दोनपेक्षा अधिक कधीही लावू नयेत, कारण प्रत्येक वाढीव काचेबरोबर चित्राचा कस उतरतो. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) लावल्यावर प्रकाश कमी होतो, तसा तो या भिंगांमुळे होत नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे.

खरेदीपूर्वी लेन्सच्या तोंडाचा व्यास पाहावा. तो लेन्सच्या कडेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूस ४९, ५२, ५५ किंवा ५८ मिलिमीटर असा लिहिलेला असतो. दोन लेन्स असतील, तर मोठ्या व्यासाचा संच घ्यावा आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग (लहान तोंडावर मोठे फिल्टर बसवणारी कडी) वापरावी.

आता लेन्सची निवड, कारण यशापयश बरेचसे येथेच ठरते. १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स मुळातच २५ ते २८ सेंटीमीटरपर्यंत फोकस होते आणि ५५ च्या टोकाला वस्तूच्या सुमारे एक तृतीयांश आकाराची प्रतिमा देते. म्हणून फिल्टर लावण्यापूर्वी ती लेन्स स्वतः काय करू शकते, ते आधी पाहावे. याउलट ५० मिलिमीटर एफ/१.८ ही स्वस्त आणि धारदार लेन्स जवळच्या कामात फार कमी पडते, आणि म्हणूनच तिला फिल्टरचा सर्वाधिक लाभ होतो. तिच्यावर +४ लावून फोकस सर्वांत जवळ आणला, की एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान आकाराच्या) सेन्सरवर पाच-सहा सेंटीमीटर रुंदीची वस्तू पूर्ण चौकट भरते आणि लेन्सचे तोंड वस्तूपासून साधारण १५ सेंटीमीटरवर राहते. नवख्या माणसाने याच जोडीपासून सुरुवात करावी.

२५० किंवा ३०० मिलिमीटरच्या झूमवर हीच स्वस्त भिंगे लावण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण ५० सेंटीमीटर दूर राहूनही वस्तू मोठी दिसते. दुर्दैवाने एकाच काचेचे भिंग निरनिराळ्या रंगांचे किरण एकाच ठिकाणी आणू शकत नाही, आणि लांब लेन्सवर हा दोष कित्येक पटींनी वाढून कडांना जांभळट झालर आणि सगळीकडे धूसरपणा येतो. अशा झूमवर १०० ते १३५ च्या दरम्यान थांबावे, +१ किंवा +२ च वापरावे आणि छिद्र एफ/११ हून लहान ठेवावे (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). फुलपाखरे आणि चतुर यांसाठी लांब लेन्सच हवी असेल, तर पैसे साठवून एकापेक्षा अधिक काचा जोडून रंगदोष सुधारलेले एखादे भिंग घ्यावे; रेनॉक्स डीसीआर-१५० हे त्यातले एक प्रसिद्ध नाव आहे. +१० चे भिंग मात्र मी सहसा बाहेर काढत नाही: त्यात कडा विरघळतात आणि वस्तूवर लेन्सचीच सावली पडते.

एरवी छिद्र एफ/८ ते एफ/११ ठेवावे. पूर्ण उघड्या छिद्रावर या भिंगांचे सगळे दोष उघडे पडतात, तर एफ/१६ च्या पलीकडे प्रकाशाच्या विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना किरण पसरल्यामुळे) चित्र पुन्हा मऊ होऊ लागते. ५० मिलिमीटर आणि +४ च्या जोडीत एफ/८ वर स्पष्ट पट्टा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा असतो. एवढ्या अरुंद पट्ट्यात ऑटोफोकस घुटमळत राहतो, म्हणून तो बंद करावा, लेन्सवरचा फोकस एका जागी पक्का करावा आणि श्वास रोखून कॅमेऱ्यासह अंग किंचित पुढे-मागे न्यावे. हवा तो भाग स्पष्ट दिसू लागताच लागोपाठ चार-पाच छायाचित्रे घ्यावीत.

सरावासाठी सड्यावरचे दवबिंदू हे उत्तम झाड आहे. पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या सड्यांवर ही कीटकभक्षी वनस्पती उगवते. तिच्या पानावरच्या तांबूस केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात आणि ढगाळ उजेडात प्रत्येक थेंब वेगळा चमकतो. कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवून पानाला समांतर धरावा, म्हणजे थेंबांची एक अख्खी रांग त्या दोन मिलिमीटरांत मावते. मागची झाडे दूर असल्यामुळे पार्श्वभूमी आपोआप पुसट होते, आणि भिंगामुळे कोपरे मऊ आले तरी ते खटकत नाहीत. तेथे बसताना शेजारची सीतेची आसवे ही इवलीशी रानफुले तुडवली जाणार नाहीत याची काळजी घ्यावी, आणि जंगलाच्या कडेला पालापाचोळ्यात हात घालण्यापूर्वी काठीने तो चाळवून पाहावा, कारण पावसाळ्यात चापडे (विषारी साप) अशा जागी दबून बसलेले असतात.

घरात माटोळी हा तितकाच समृद्ध विषय आहे. सुपारीचे घोस, तोरिंग, आंबाडे, घागऱ्यांच्या शेंगा असे सगळे एका जागी स्थिर टांगलेले असते, त्यामुळे ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर वापरून आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० वर निवांत काम करता येते. रंगीत माळा बंद कराव्यात आणि दाराकडून येणारा उजेड एका बाजूने पडू द्यावा. दुसऱ्या बाजूस पांढऱ्या थर्मोकोलचा तुकडा धरला, की फळांच्या सावलीतला खरखरीतपणाही दिसतो. घरातले दिवे चालूच ठेवावे लागले, तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवावे, कारण आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे आणि इतर वेगांवर काही दिव्यांच्या लुकलुकीमुळे चित्रात पट्टे उमटतात. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश येथे टाळावा. इतक्या जवळून लेन्सच त्याचा अर्धा प्रकाश अडवते.

सपाट वस्तूंच्या बाबतीत मात्र सावध राहावे. पणजीच्या फोंतेन्हास भागातली चित्रित फरशी, मंदिराच्या भिंतीवरचे कावी काम (तांबड्या रंगातली भित्तिकला) किंवा जुने नाणे चौकटभर घेतले, तर मध्य धारदार आणि कडा पुसट असाच निकाल मिळतो, कारण या भिंगाचे फोकसचे प्रतल वक्र असते. अशा वेळी +१ किंवा +२ लावून थोडे दूर राहावे, वस्तू चौकटीच्या मधल्या अर्ध्या भागात ठेवावी आणि कडा नंतर संगणकावर छाटाव्यात.

गोव्याच्या दमट हवेत ही भिंगे जपणे हेही कामच आहे. वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर आणलेल्या काचेवर लगेच बाष्प धरते. म्हणून बॅग बंदच ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. पावसातून परतल्यावर आधी फुंकणीने धूळ उडवून मग मायक्रोफायबरने भिंगाच्या दोन्ही बाजू पुसाव्यात, रात्रभर ती पंख्याखाली सुकवावीत आणि नंतरच सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावीत. जेलचे दाणे रंग बदलू लागले, की ते तापवून कोरडे करावेत किंवा नवे घालावेत. कातडी पाकिटात भिंगे पावसाळाभर पडून राहिली, तर काचेवर बुरशीचे जाळे धरते आणि ते पुसून सहसा निघत नाही.