साथीच्या दिवसांत माइक सुरू करण्याआधी

सामुदायिक रेडिओवर नव्याने बोलायला लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले. अशी वेळ कुठेही येऊ शकते, म्हणून तयारी आधीच असू द्या.

सगळ्यात आधी प्रश्नांची वही. फोनवर आलेला प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत उतरवा. ‘पाणी नितळ दिसतंय, तरी उकळायचं का?’, ‘शेजारच्यांना झालाय, त्यांच्याकडे जाऊ का?’, ‘चिकन बंद करू का?’ लोक असं विचारतात. प्रत्येकापुढे उत्तर कोण देणार, ते लिहा.

डॉक्टरांना आदल्या दिवशी गाठा आणि साध्या मराठीत बोलायला सांगा. जीबीएस माणसाकडून माणसाला होत नाही; आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर उलटते. त्याआधी बऱ्याचदा जुलाब होऊन गेलेले असतात, आणि त्यांचा जंतू दूषित पाण्यातून किंवा अर्धकच्च्या चिकनमधून पोटात जातो. पूर्ण शिजवलेल्या चिकनची भीती नाही. हा फरक नीट सांगितला नाही, तर रुग्णाच्या घरी कुणी फिरकत नाही, ते मला फार लागतं. पायांना मुंग्या, जिना चढताना पायातलं बळ जाणं, गिळायला किंवा श्वासाला त्रास, यातलं काही दिसलं तर लगेच मोठं रुग्णालय, हे प्रत्येक कार्यक्रमात सांगा. १०८ (रुग्णवाहिका) आणि १०४ (आरोग्य सल्ला) हे नंबर सावकाश, दोनदा. ऐकणारा तोवर पेन शोधत असतो.

खर्चाचा प्रश्न येतोच. पुण्यात तेव्हा कमला नेहरू आणि पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात मोफत उपचारांची सोय जाहीर झाली होती. तुमच्या भागात काय सोय आहे, ते स्वतः विचारून ठेवा.

जास्तीत जास्त वेळ पाण्याला द्या. जलसुरक्षकाबरोबर, म्हणजे गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर, टाकीवर जा, रेकॉर्डर सुरू ठेवा. तपासणीच्या नळीत पाणी घेऊन ओटीचे (क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे) थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, तर क्लोरीन आहे. रंग आला नाही, तर टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) पडलेली नाही किंवा पुरलेली नाही. पण टाकीखालच्या नळावर थांबू नका, गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत जा. एकदा टाकीशी नळी लगेच पिवळी झाली आणि शेवटच्या घरी पाणी तसंच बिनरंगी राहिलं. तिथल्या मावशी नळीकडे बघत म्हणाल्या, “मग आम्ही इतके दिवस काय प्यायलो?” त्या वाक्यापुढे मला काही विचारावं लागलं नाही. अशा वेळी पुढचं उत्तर तयार हवं: पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यायची, झाकून ठेवायचं, काढायला ओगराळं.

सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पाणीपुरवठ्याच्या आणि आरोग्याच्या प्रशासनाकडून आलेल्या सूचना देता येतात. म्हणून सूचना लेखी घ्या, तारखेसह फाइलला लावा. रुग्णाचं नाव, गल्ली, सोसायटी, काहीच हवेवर जाऊ देऊ नका. कुटुंबातलं कुणी बोलायला तयार असेल, तर रेकॉर्डिंगनंतर पुन्हा एकदा विचारा.

एखाद्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नसेल, तर तसं सांगा आणि ‘उद्या याच वेळी सांगते’ म्हणून वहीत खूण करा. कार्यक्रम नळाला पाणी यायच्या आधी लावा. नंतर लावला, तर हंडे भरून झालेले असतात.