सहावी ते आठवीचे गणित : या चुका टाळा

सहावी ते आठवी या तीन वर्षांत गणित आपली चाल बदलते. तोपर्यंत संख्यांची बेरीज-वजाबाकी करून उत्तर काढणाऱ्या मुलापुढे सहावीत ऋण संख्या आणि समीकरणे येतात, सातवीत परिमेय संख्या, घातांक आणि बैजिक राशी येतात, तर आठवीत अवयव, चलन (एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते ते) आणि चक्रवाढ व्याज. दादरमध्ये मी याच वयाच्या मुलांची शिकवणी घेते. वही मराठी माध्यमाची असो वा सेमी इंग्रजीची, दर वर्षी त्याच त्या चुका समोर येतात. त्यांतल्या बहुतेक चुका हुशारी कमी पडल्यामुळे होत नाहीत. मधली ओळ गाळल्यामुळे आणि ताळा न पाहिल्यामुळे होतात.

पलीकडे नेले की चिन्ह बदलते

समीकरणे शिकवताना हे वाक्य सर्रास सांगितले जाते आणि माझ्या मते या तीन वर्षांतले सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. क्ष + 5 = 12 असेल तर 5 पलीकडे जाऊन −5 होतो आणि उत्तर 7 येते, इथपर्यंत सारे सुरळीत असते. पुढे 3क्ष = 12 आले की काही मुले 3 पलीकडे नेऊन वजा करतात आणि 9 लिहितात. जी मुले भागतात, त्यांना −3क्ष = 12 येथे अडचण येते.

आठवीतली एक मुलगी शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीसाठी माझ्याकडे येऊ लागली, तेव्हा ती दुसऱ्या एका क्लासमध्ये वर्षभर जलद पद्धती शिकून आली होती. तिचा हात विलक्षण भरभर चालत असे. सराव पेपरात −3क्ष = 12 याचे उत्तर तिने 4 लिहिले होते. ‘20 मधून एका संख्येची दुप्पट वजा केल्यास 34 उरतात, तर ती संख्या कोणती’ याचे उत्तर 7, आणि क्ष भागिले −2 बरोबर 7 असताना क्ष ची किंमत 14. जिथे जिथे सहगुणक, म्हणजे क्ष ला गुणणारी संख्या, ऋण होता, तिथे तिथे चिन्ह उलटे, बाकी सगळे अचूक. मी तिला पहिल्या समीकरणात क्ष च्या जागी 4 ठेवायला सांगितले. तिने −12 लिहिले, उजवीकडच्या 12 कडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “बाई, पण मी नियम तर पाळलाय. वजा तीन पलीकडे गेले, मग चिन्ह नको का बदलायला?”

तिचे म्हणणे अगदी प्रामाणिक होते. तिला जो नियम मिळाला होता, तो तिने जसाच्या तसा वापरला होता. प्रत्यक्षात समीकरणात कुठलीही संख्या कुठेही जात नाही. 5 नाहीसा होतो, कारण आपण दोन्ही बाजूंतून 5 वजा करतो; −3 नाहीसा होतो, कारण आपण दोन्ही बाजूंना −3 ने भागतो, आणि 12 ला −3 ने भागले की −4 च येतात.

त्या दिवसापासून मी तिला ‘पलीकडे’ हा शब्द बंद केला. प्रत्येक ओळीच्या उजव्या समासात दोन्ही बाजूंवर काय केले ते शब्दांत लिहायचे (‘दोन्ही बाजूंतून 20 वजा केले’, ‘दोन्ही बाजूंना −2 ने भागले’) आणि शेवटी उत्तर मूळ समीकरणात ठेवून ताळा दाखवायचा, असा नियम घातला. तिला हे काम कंटाळवाणे वाटले. परीक्षा जवळ आली असताना मुलीचा वेग कमी झाल्याची काळजी तिच्या आईने फोन करून बोलून दाखवली, तरी मी मागे हटले नाही. बहुपर्यायी प्रश्नात 4 आणि −4 हे दोन्ही पर्याय दिलेले असू शकतात, तेव्हा चुकीचे उत्तर वेगाने मिळवून काही साधत नाही. पुढे चिन्हांच्या चुका थांबल्या आणि ती स्वतःहून समासातल्या नोंदी गाळू लागली. तेव्हा मी हरकत घेतली नाही, कारण काय गाळले आहे हे तिला विचारले तर सांगता येत होते. जलद पद्धतींना माझा विरोध एवढ्याचसाठी आहे की त्या बहुधा ही पायरी येण्याआधीच शिकवल्या जातात.

समीकरण समजावण्यासाठी पुस्तकात तराजूचे चित्र असते. मुंबईत भाजीवाल्याकडेही आता इलेक्ट्रॉनिक काटा असतो, त्यामुळे दोन पारड्यांचा तराजू प्रत्यक्ष हलताना कित्येक मुलांनी पाहिलेलाच नसतो. म्हणून मी घरातला जुना तराजू शिकवणीत ठेवला आहे. एका पारड्यातून वजन काढले की दांडी कशी कलते, हे मुलाने स्वतःच्या हाताने करून पाहावे.

बरोबरच्या चिन्हाची साखळी

या चुकीचे मूळही समीकरणाच्या दोन बाजूंकडे दुर्लक्ष हेच आहे. 25 आणि 17 यांच्या बेरजेची दुप्पट करून तिला 4 ने भागा, असे सांगितले की मुले 25 + 17 = 42 × 2 = 84 ÷ 4 = 21 असे एका दमात लिहितात. उत्तर बरोबर येते, म्हणून घरी कोणी हरकत घेत नाही आणि काही ठिकाणी गुणही मिळतात; पण लिहिलेल्या ओळीचा अर्थ 25 + 17 म्हणजे 84 ÷ 4 असा होतो आणि तो धडधडीत खोटा आहे. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्समधील गणितज्ञाने 1557 साली हे चिन्ह वापरले, तेव्हा सारख्या लांबीच्या दोन समांतर रेषांइतके समान दुसरे काहीही असू शकत नाही, असे कारण त्याने दिले होते. चिन्हाच्या दोन्ही अंगांना सारखीच किंमत असली पाहिजे. ‘आता उत्तर येणार’ एवढाच त्याचा अर्थ मुलाच्या मनात बसला, तर पुढे समीकरणाच्या दोन बाजू त्याला दिसतच नाहीत. मी अशी साखळी उत्तर बरोबर असले तरी खोडते आणि तीन ओळींत पुन्हा लिहून घेते.

कंचेभागुबेव

कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम पाठ केला की पदावली सुटते, असे मुलांना वाटते. मग 20 − 8 + 5 सोडवताना बेरीज आधी म्हणून 8 + 5 = 13 करतात आणि 20 मधून 13 वजा करून 7 लिहितात. उत्तर 17 आहे. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर असतात आणि डावीकडून उजवीकडे ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने करायच्या असतात. भागाकार आणि गुणाकार यांचेही तसेच. भागाकार गुणाकाराच्या आधी केला तरी बहुधा निभावून जाते. वजाबाकी डावीकडे असताना बेरीज तिच्या आधी केली की मात्र हमखास फसते. मुलांनी प्रत्येक संख्येभोवती तिच्या डावीकडच्या चिन्हासकट पेन्सिलीने गोल काढावा, ही सवय मी लावते. −8 हा एकत्र दिसला की चिन्ह सोडून नुसता 8 हा 5 मध्ये मिळवण्याचा मोह होत नाही.

याच्याच जवळची चूक म्हणजे −5 − 3 = +8. ‘वजा वजा अधिक’ हे गुणाकाराचे सूत्र मुले बेरजेला लावतात. ब्रह्मगुप्ताने 628 साली ऋण संख्यांचे नियम धन आणि ऋण, म्हणजे संपत्ती आणि कर्ज, या भाषेत सांगितले होते आणि दोन ऋणांची बेरीज ऋणच असते हे त्यांत स्पष्ट आहे. वाण्याकडे 5 रुपयांची उधारी असताना आणखी 3 रुपयांची केली तर कोणी 8 रुपये हातात ठेवत नाही, हे सहावीच्या मुलाला लगेच पटते.

काही चुकांना एकेक ओळ पुरेशी आहे. 1/2 + 1/3 = 2/5 लिहिणाऱ्याने 2/5 हे अर्ध्याहूनही कमी आहेत एवढे पाहावे आणि समच्छेद करावा. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग असे लिहिण्यापूर्वी 3 आणि 4 ठेवून पाहावे. एकीकडे 49 येतात, दुसरीकडे 25. चर्चगेट ते विरार हे सुमारे 60 किलोमीटरचे अंतर कापायला लोकलला 1 तास 45 मिनिटे लागली तर वेग काढताना 60 ला 1.45 ने नव्हे, 1.75 ने भागायचे. 1000 रुपयांची वस्तू 20 टक्क्यांनी महाग करून पुन्हा 20 टक्के सूट दिली, तर ती 960 ला मिळते. मजूर वाढले की दिवस कमी होतात, म्हणून त्रैराशिक मांडण्यापूर्वी उत्तर मोठे येणार की लहान, हे वहीत आधी लिहावे.

क्षेत्रफळाचे एकक

मुंबईतल्या मुलांनी तरी ही चूक करू नये, कारण चौरस फुटांची चर्चा इथे घराघरांत असते. एक मीटर म्हणजे सुमारे 3.28 फूट, म्हणून 500 चौरस फुटांना 3.28 ने भागून मुले 152 चौरस मीटर उत्तर काढतात. महापालिकेने 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केला, ती मर्यादा चौरस मीटरमध्ये 46.45 आहे. क्षेत्रफळाला लांबी आणि रुंदी अशी दोन मापे असल्याने 3.28 ने दोनदा भागावे लागते. पालकांनी 10.764 हा आकडा पाठ करून घेण्याची घाई करू नये. गॅलरीत किंवा गच्चीवर खडूने एक मीटर बाजूचा चौरस आखून मुलाला एक फूट बाजूचे कागद कापून त्यात मांडायला सांगावे. नऊ कागद पुरे बसतात आणि दोन कडांना साधारण साडेआठ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या उरतात. त्या भरण्यासाठी आणखी कागद कापावे लागले की एकूण किती कागद खर्च झाले, ते त्यालाच मोजू द्यावे.