चोक अडकलाय? या चुका टाळा, नळी वाचवा

चोक म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीच्या नळीचं तोंड आवळणारा भाग. छर्रे किती पसरायचे ते तो ठरवतो, आणि बऱ्याच बंदुकांत तो आट्यांवर बसणारा वेगळा तुकडा असतो. बारा बोअरच्या नळीत अडकलेला चोक घेऊन माणूस सांगलीत आमच्या दुकानात येतो, तोवर बहुतेक वेळा त्याचा खरा प्रश्न चोकचा उरलेलाच नसतो. चोकच्या खाचा छिलून गेलेल्या असतात, नळीच्या तोंडावर ओरखडे असतात, कधी तोंडाजवळची निळाई, म्हणजे पोलादावरचा गंज रोखणारा निळसर थर, जळून तपकिरी पडलेली असते. परवान्यावर बंदूकदुरुस्तीचं काम करताना हेच पुन्हा पुन्हा समोर येतं, म्हणून एकदा नीट लिहून काढतो. चोक अडकणं ही किरकोळ गोष्ट आहे. घाईनं केलेल्या उपायांनी ती मोठी होते.

सगळ्यात आधी बंदूक रिकामी आहे का बघा. दोन्ही नळ्या डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा. पंप किंवा ऑटो असेल तर खालची काडतुसांची नळीसुद्धा रिकामी करा. मग नळी बंदुकीपासून वेगळी करा आणि पुढचं लाकूड काढून ठेवा. जोडलेल्या बंदुकीच्या तोंडाशी वाकून पाना फिरवणारा माणूस दिसला की मी काम थांबवतो, तो कितीही जुना नेमबाज असो.

दुसरं म्हणजे, तुमच्या बंदुकीत निघणारा चोक आहे का? जुन्या दुनळ्यांत चोक नळीतच घडवलेला असतो, वेगळा तुकडा नसतोच. पाटण, जावळीकडच्या कितीतरी शेतीसंरक्षणाच्या बंदुका अशाच आहेत. तोंडाच्या कडेवर पान्यासाठी खाचा दिसत नसतील, तर तिथं फिरवण्यासारखं काही नाही. बंदूक पुसा आणि ठेवून द्या.

आता चोक धरून कोण ठेवतं ते समजून घ्या, कारण उपाय त्यावर ठरतो. तीन गोष्टी असतात. एक, वॅडचं प्लास्टिक. काडतुसात छर्रे धरून ठेवणारी ती वाटी नळीतून जाताना घासते आणि त्याचा थर चोकच्या फटीत बसतो. दोन, दारूची काजळी. तीन, गंज. पश्चिमेच्या पट्ट्यात, महाबळेश्वर-कोयनेकडं, गंज जास्त सापडतो. जत-आटपाडीकडच्या बंदुकांत काजळी आणि प्लास्टिक. प्लास्टिक उष्णतेनं मऊ पडतं, काजळी सॉल्व्हंटनं सुटते, गंजाला मात्र तेल आणि वेळ लागतो. जोर लावल्यानं यातलं एकही विरघळत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वाईस आणि डिसमिस. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरांत शिरलं, तेव्हा एका गिऱ्हाइकाची वर-खाली नळ्यांची चांगली इटालियन बंदूक लोखंडी कपाटात बुडून राहिली. पाणी उतरल्यावर त्यांनी ती बाहेरून पुसली, तेल लावलं, उन्हात ठेवली. वरून अगदी नव्यासारखी दिसत होती. चोक मात्र आत तसेच राहिले आणि पुराचा बारीक गाळ आट्यांत जाऊन बसला. पुढं कधीतरी चोक बदलायचा म्हणून पाना लावला, तर हलेना. त्या दिवशी ते आमच्याकडं आले असते तर ती नळी आज वापरात असती.

त्यांचा पुतण्या कुपवाड एमआयडीसीत फिटर. हात चांगला, पण बंदुकीची नळी त्यानं पाण्याच्या पाइपासारखी धरली. तोंडाकडची बाजू वाईसमध्ये आवळली, खाचेत डिसमिस अडकवून हातोडा मारला, खाच तुटल्यावर छन्नी घेतली. चोकचे आटे बसावेत म्हणून नळी तोंडाशी आतून कातलेली असते, त्यामुळे बाहेरचं पोलाद तिथंच सगळ्यात पातळ असतं. तिथं वाईस आवळला की नळी लंबगोल होते आणि आतल्या चोकला आणखी घट्ट पकडते. म्हणजे तो जितका जोर लावत होता, तितका चोक जास्त अडकत होता. आमच्याकडं नळी आली तेव्हा चोक लेथवर आतून कातून काढावा लागला. तो निघाला, पण तोंड गोल राहिलं नव्हतं. नवा चोक दोन आटे जाऊन थांबला. त्या नळीतून पुन्हा फैर झाडणं धोक्याचं होतं, आणि काकांना हे सांगताना मला फार वाईट वाटलं.

दुसरी बाजू कायद्याची आहे, आणि लोक ती सहज विसरतात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती हे परवान्याचं काम आहे. कलम ६ नुसार नळी आखूड करायलाही परवाना लागतो. ओळखीच्या लेथवाल्याकडं नळी नेऊन 'एवढं टोक कापून दे' म्हणालात, तर तुम्ही त्या भल्या माणसालाही अडचणीत आणता.

नळी धरायचीच असेल तर तोंडाकडं नाही, चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या, जाड बाजूला धरा. दोन्हीकडं लाकडाचे ठोकळे आणि त्यांना आतून चामडं लावा. मी तर शक्य तिथं वाईस वापरतच नाही. एक माणूस नळी गादीवर दाबून धरतो, दुसरा पाना फिरवतो.

पाना त्याच चोकचा हवा. सगळ्या खाचांत एकदम बसणारा आणि आत नळीच्या मापाचा गोल दांडा असलेला, टी-आकाराचा पाना सगळ्यात चांगला, कारण तो तिरपा होत नाही. बंदुकीबरोबर येणारा चपटा पत्र्याचा पाना रोजच्या बदलासाठी ठीक आहे, अडकलेल्या चोकसाठी नाही. नाणं, पक्कड, पोपट पाना यांना हात लावू नका. फिरवताना तळहातानं पाना आत दाबून ठेवा, नाहीतर तो उसळून खाच खातो. नळीच्या तोंडाकडून बघताना घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचं. नळी टेबलावर उलटी ठेवून मागच्या बाजूनं अंदाज घेणारे लोक चोक आणखी आवळून बसतात. माझी सवय अशी की आधी केसभर घट्ट दिशेनं दाब द्यायचा आणि मग सैल. गंजाची पकड बऱ्याचदा त्या पहिल्या हालचालीतच तुटते.

यानंतरची मोठी चूक अधीरपणाची. तेल मारलं, पाच मिनिटं थांबले, पाना लावला, हललं नाही, 'तेलानं काही होत नाही साहेब.' होतं. तेलाला वाट मिळाली पाहिजे आणि वेळ मिळाला पाहिजे. चोक साधारण दोन ते तीन इंच लांब असतो. बरणीत पेनिट्रेटिंग ऑइल (फटीत झिरपणारं पातळ तेल) त्याहून खोल भरा आणि नळी तोंड खाली करून त्यात उभी करा, म्हणजे तेल बाहेरूनही जातं आणि आतून चोकच्या मागच्या कडेलाही पोचतं. रात्रभर ठेवा. सकाळी पान्याच्या मुठीवर लाकडी हातोडीनं हलक्या टिचक्या द्या, नळीवर नाही. हललं नाही तर पुन्हा बरणीत. पुराच्या गाळाला किंवा जुन्या गंजाला आठवडाभर लागला तरी मी कुरकुर करत नाही. नवशिक्या मुलांना हे पटत नाही, त्यांना रविवारच्या सरावाआधी चोक निघायला हवा असतो. रविवार पुन्हा येतो.

डब्ल्यूडी-फोर्टी मुळात पाणी हटवण्यासाठी बनलेलं आहे. हलक्या अडकणीला चालतं, जुन्या गंजाला माझा त्यावर भरवसा नाही. गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन समसमान मिसळून वापरणारेही आहेत आणि ते चांगलं झिरपतं, पण ॲसिटोन दस्त्याचं पॉलिश खातं आणि चटकन पेट घेतं. लाकूड वेगळं आणि दारं-खिडक्या उघड्या नसतील तर त्या वाटेला जाऊ नका.

ब्लो टॉर्च तर नकोच. दोन नळ्या आणि त्यांच्यावरची पट्टी पुष्कळ बंदुकांत मऊ डाखानं जोडलेली असते. कथील-शिशाचा डाख १८३ अंशांपासून वितळायला लागतो, आणि टॉर्चची ज्योत त्याच्या कितीतरी पुढं जाते. पट्टी सुटली की दोन्ही नळ्यांची सरळ रेषा गेली. शिवाय नुकती तेलात भिजवलेली नळी आगीशी नेणं म्हणजे घर पेटवायची तयारी. उष्णता द्यायची तर उकळत्या पाण्याची. नळीचं तोंड बाहेरून उकळत्या पाण्यानं चांगलं तापवा, जाड हातमोजा घाला आणि लगेच पाना लावा. वॅडचं प्लास्टिक एवढ्यानंच मऊ पडतं, आणि अडकण प्लास्टिकची असेल तर चोक हातात येतो. नंतर नळी आतून-बाहेरून कोरडी करून तेल लावायचं, हे मात्र त्याच तासात.

चोक 'आपोआप सैल होईल' म्हणून फैरी झाडून बघू नका. यावर चर्चा नाही.

दिसायला सारखा म्हणून दुसऱ्या कंपनीचा चोक लावू नका. आटे एकसारखे नसतात.

चोक काढून रिकाम्या आट्यांवर फैर झाडू नका. आटे खराब होतात आणि मग कुठलाच चोक नीट बसत नाही.

सैल चोकवर झाडणं तितकंच वाईट. वायू मागच्या कडेखाली शिरतो, ती पातळ कड फुगते आणि नळीच्या भिंतीला दाबून बसते. अशा चोकला कुठलंच तेल सोडवत नाही. तो कातूनच काढावा लागतो आणि ते परवानाधारक कारागिराचं काम. चोक गेला तर जाऊ द्या, नवा मिळतो.

ट्रॅप खेळणारी मुलं या बाबतीत सगळ्यात निष्काळजी. ट्रॅप आणि स्कीट हे उडत्या तबकड्यांवर नेम धरायचे खेळ. स्कीटवाल्याला उघडा चोक लागतो, ट्रॅपवाल्याला आवळलेला, म्हणून ट्रॅपवाला पहिल्या दिवशी फुल, म्हणजे सगळ्यात आवळलेला चोक, लावतो आणि वर्षभर विसरतो. २५ तबकड्यांचा एक राउंड झाला की नळी थंड झाल्यावर चोक बोटांनी तपासा, सैल असेल तर आवळा. दिवस संपला की बाहेर काढा, सॉल्व्हंटमध्ये बुडवा, आटे ब्रशनं घासा. चोकच्या आट्यांना अँटी-सीझ ग्रीसचा (आटे अडकू न देणाऱ्या ग्रीसचा) पातळ हात द्या, थापू नका. जाड ग्रीस काजळी गोळा करतं. बोटांनी शेवटपर्यंत जाऊ द्या आणि मग पान्यानं फक्त टेकवा. पान्यावर वजन टाकून आवळलेला चोक पुढच्या महिन्यात आमच्याकडं येतो.

निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते तेव्हाही हेच करा. २०२४ मध्ये आचारसंहिता १६ मार्चला लागली, सांगली-साताऱ्याचं मतदान ७ मेला झालं, मोजणी ४ जूनला. बंदुका घरी यायला पावसाळा तोंडावर आला, आणि नंतर चोक न निघाल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. जमा करायच्या आदल्या दिवशी चोक काढून साफ करा, ग्रीस लावून परत बसवा.

अडकलेला चोक निघाल्यावर लगेच नवा बसवायची घाई करू नका. ब्राँझच्या ब्रशनं नळीतले आटे साफ करा, बॅटरीचा उजेड मारून एकेक आटा बघा. नवा चोक पान्याशिवाय, फक्त बोटांनी शेवटपर्यंत जायला हवा. मध्येच थांबला तर रेटू नका. बसल्यावर चेंबरच्या बाजूनं उजेडाकडं धरून आत बघा. चोकची मागची कड नळीत पायरीसारखी पुढं आलेली दिसली, तर त्या बंदुकीत काडतूस घालू नका, तशीच दुकानात घेऊन या.