अंजीर लावताय? या चुका टाळा

गोव्यात अंजीर होत नाही, असं सांगणारा भेटला की मी आधी त्याच्या झाडाचा खड्डा बघतो. जांभ्यात, म्हणजे इथल्या लाल खडकात, पहारीने खणलेला उभा, अरुंद खड्डा आणि भोवती अखंड चिरा. पावसाळाभर त्यात पाणी तुंबून मुळं कुजतात, उन्हाळ्यात तोच खड्डा तापतो आणि मुळांना बाहेर पडायला वाट नसते. अंजिराची मुळं खोल कमी, पसरट जास्त. म्हणून मी खड्डा रुंद खणतो, तळातून उताराकडे चर काढतो आणि रोप दीड फूट उंच मातीच्या ढिगावर लावतो. मेहनत आहे. पहिल्या सरीबरोबर बाजारातून रोप आणायचं नि अंधार पडायच्या आत मोकळं व्हायचं असेल, तर सरळ झेंडू लावा.

रविवारच्या पाण्याचं तर डोकंच उठतं. माझा भाचा नोकरीला पणजीत, घर डिचोलीला. मार्चमध्ये झाड फळांनी लगडलेलं. आठवडाभर थेंब नाही आणि रविवारी पंप चालू करून, पाइप आळ्यात सोडून हा जेवायला बसणार. पिकायला आलेली फळं एकेक करून फुटली, फटींतून मुंग्या शिरल्या, गर आंबला. मग फोन: "मामा, कसलं औषध मारू?" औषध कसलं डोंबलाचं! कोरड्यात राहिलेल्या झाडाला एकदम ढसाढसा पाणी मिळालं की गर फुगतो, साल तेवढी ताणत नाही, फाटते. त्याला पटेना. दुपारी पानं मान टाकतात म्हणून त्याने आणखी पाणी ओतलं.

एप्रिलच्या उन्हात एवढं मोठं पान मलूल होणारच. सकाळीही ते तसंच असेल तर पाणी कमी पडतंय. मी पानाकडे बघतच नाही. पातेरा, म्हणजे वाळका पाला, सारून मातीत बोट खुपसतो. झाडाभोवती वीतभर पातेरा, त्यावर नारळाची सोडणं पालथी, खोडाजवळ मात्र मोकळं. मग तीन-चार दिवसांनी, संध्याकाळी, फांद्यांच्या कडेखाली पाणी. खोडावर नव्हे. भाच्याच्या झाडाला आता माझी बहीण पाणी घालते.

युरियाही याच पठ्ठ्याने टाकला होता. फांद्या कौलांना लागल्या, अंजीर औषधालाही नाही. कुजलेलं शेणखत घाला आणि गप्प बसा.

सुक्या अंजिराच्या बिया पेरू नका. पुण्याकडच्या झाडाची पेन्सिलीएवढी जाड फांदी लावा.

छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. म्हणजे फळं पुढच्या पावसाआधी हाती येतात.

पावसात तांबेरा या बुरशीच्या रोगाने पानं झडली म्हणून झाड उपटू नका. नखाने साल खरवडा, आत हिरवं असेल तर ते जिवंत आहे. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीवर सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी मारतात तेच एक टक्का बोर्डो मिश्रण पावसाआधी मारायचं: 10 लिटर पाण्याला 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना.

आणि हिरवी फळं तोडून तांदळात पुरणाऱ्यांनो, अंजीर आंब्यासारखं आढीत पिकत नाही. बुलबुलांची भीती असेल तर फळांना जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या बांधा. फळ मऊ होऊन देठाशी झुकलं की उजाडताच काढा. आधी हाताला खोबरेल चोळा, चिकाने खाज सुटते.