पांढऱ्या कोंबडीची पिसं धुतल्यावर चिकट, पिवळट? माझा अनुभव
कोंबड्यांच्या पहिल्या प्रदर्शनासाठी माझी कोंबडी धुतली, वाळल्यावर पिसं चिकट. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो, लाल माती पायाच्या खवल्यांतही रुतलेली. साबण बदलला, दोनदा घासलं, आणखी बिघडलं. अक्षरशः रडकुंडीला आलो. दोष मळाचा नव्हताच, पिसांत राहिलेल्या साबणाचा होता.

मग कोमट पाण्याचे तीन टब मांडले. पहिल्यात थोडा बेबी शाम्पू. हात पिसांच्या दिशेनेच, डोकं पाण्याबाहेर. खवल्यांतली माती इथेच जुन्या टूथब्रशने. दुसऱ्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर, साबण याने सुटतो. तिसऱ्यात साधं पाणी, बुळबुळीतपणा जाईपर्यंत. टॉवेलने टिपून मंद ड्रायर, वीतभर लांबून. (ती चक्क डुलक्या घेत होती!) आपल्या दमट हवेत नुसती वाळायला सोडू नका. हे सगळं प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी करा; तोवर ती चोचीने तेल लावून पिसं नीट बसवते.