साठी बुद्धी नाठी, ही म्हण आधी खोडा

आमची ही कऱ्हाडात चाळीस वर्षं ब्लाउज शिवायची. एका दिवाळीच्या घाईत तिनं एकाच ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या बेतल्या. उसवल्या, पुन्हा बेतल्या, पुन्हा तेच. तेव्हा ती 61 वर्षांची होती. घरचे, शेजारचे, दवाखान्यातलेसुद्धा एकच म्हणाले, "वय झालं, साठी बुद्धी नाठी." त्या म्हणीत आमची तीन वर्षं गेली. स्मृतिभ्रंशाचं निदान झालं तोवर तिला सुईत दोरा ओवता येईनासा झाला होता.

तिला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून दर सप्टेंबरात मी पेठेत स्मृतिभ्रंशाबद्दल बोलतो आणि संशोधनासाठी मदत गोळा करतो. मी बँकेत कॅशियर होतो, डॉक्टर नाही. तुमच्या गावात हे काम सुरू करायचं असेल तर माझ्या अनुभवातलं सांगतो.

पैशाचं नाव पहिल्या दिवशी काढू नका. ज्याला हा आजार वाटतच नाही, तो त्याच्या संशोधनाला पैसे कशाला देईल? आधी म्हण खोडायची. मी सुरुवात नेहमी फ्रँकफर्टच्या ऑगुस्ट डेटरपासून करतो. 1901 मध्ये तिला इस्पितळात आणलं तेव्हा ती 51 वर्षांची होती. डॉ. अलॉइस अल्झायमर तिला नाव विचारायचे, काय खातेस ते विचारायचे, आणि सगळं टिपून ठेवायचे. 1906 मध्ये ती गेल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि पेशींमधले गुंते व बाहेर साचलेले थर जगासमोर मांडले. साठी गाठायच्या आत आजारी पडलेली बाई, आणि मेंदूत डोळ्यांना दिसणारा बिघाड! एवढं ऐकल्यावर सभेत "म्हातारचळ" हा शब्द पुन्हा कोणी काढत नाही. मग सांगायचं की स्मृतिभ्रंश हे अनेक आजारांचं मिळून नाव आहे आणि अल्झायमर हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा.

जागा निवडताना वेगळा हॉल घेऊ नका. पहिल्या वर्षी मी घेतला होता, अकरा माणसं आली, त्यातली सहा नात्यातली. माणसं आधीच जमतात तिथं आपण जायचं: ज्येष्ठ नागरिक संघाची मासिक सभा, भजनी मंडळ, बचत गट, हळदीकुंकू. 21 सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. ज्या वर्षी तो गणपतीत येतो त्या वर्षी मंडळाच्या मांडवात संध्याकाळच्या आरतीनंतरची वीस मिनिटं मागा. पितृपंधरवड्यात आला तर संघाची सभा बरी. घरातल्या गेलेल्या माणसांची आठवण त्या दिवसांत सगळ्यांच्या मनात ताजी असते आणि लोक शांतपणे ऐकतात.

बोलताना आपल्या घरातलं सांगा. कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरणं वेगळं आणि कुकर लावायचा कसा हेच न सुचणं वेगळं, हा फरक बायकांना लगेच कळतो. मी बाह्यांची गोष्ट सांगतो, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी हमखास म्हणतं, "आमच्या आत्याचं असंच होतं." सभा संपल्यावर त्या माणसाला गाठा आणि दोन गोष्टी सांगा. एक, डॉक्टरकडे जाताना घडलेले प्रसंग तारखेनिशी वहीत लिहून न्या. दुसरी, बी-12 आणि थायरॉइडची रक्ततपासणी झाली आहे का ते विचारा, कारण काही जणांचं विसरणं तिथं सापडतं आणि औषधानं सुधारतं.

सभेत कोणाची स्मरणशक्तीची चाचणी घेऊ नका. चारचौघांत उत्तर चुकलं की ते माणूस पुन्हा घराबाहेर पडत नाही. रुग्णांचे फोटो दाखवू नका. मी हिचा फोटो कधीच दाखवला नाही, तिचं शिवणयंत्र दाखवतो. आणि स्मरणशक्तीची तेलं, चूर्णं विकणाऱ्याला प्रायोजक म्हणून घेऊ नका, मांडवाचा सगळा खर्च उचलतो म्हणाला तरी.

आशेचं काही सांगायचं असेल तर ते पक्कं आहे तेच सांगा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात टाळता येण्याजोगी किंवा आटोक्यात ठेवता येण्याजोगी 14 कारणं दिली आहेत. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कमी ऐकू येणं, एकटेपण ही त्यातली. या सगळ्यांवर काम झालं तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. हेसुद्धा संशोधनातूनच कळलं, हे वाक्य इथं मुद्दाम घाला. मदतीचा विषय त्यानंतर निघतो.

आता पैसा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढचे सुमारे 88 लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगताहेत. आकडा एकदाच सांगा, आणि डबा फिरवू नका. रोकड माझ्या हातात नको, हा माझा कॅशियरचा हट्ट आहे. देणगी थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. निवडलेल्या संस्थेला आधी लिहून विचारा: देणाऱ्याला आयकरात सवलत मिळवून देणारी 80जी नोंदणी आहे का, त्या सवलतीसाठी लागणारं 10बीई प्रमाणपत्र मिळेल का, आणि पैसे संशोधनासाठीच वापरले जातील असं पावतीवर येईल का. सांभाळकेंद्राला देणंही पुण्याचंच काम, पण देणाऱ्याला दोन्हीतला फरक माहीत असावा. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला 80जीची सवलत नाही, नव्या करप्रणालीतही नाही, हे आधीच सांगून टाका.

पैशाइतकीच गरज माणसांची आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरात 45 वर्षांपुढच्या गावकऱ्यांना वर्षानुवर्षं तपासतं. ती चांगली हिंडती-फिरती माणसं आहेत. आजार सुरू होण्याआधी काय घडतं ते त्यांच्याकडूनच कळणार. हरियाणातल्या बल्लभगडला तर अक्षरओळख नसलेल्या वृद्धांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बेतावी लागली, कारण मूळ चाचणीत वाक्य लिहायला सांगत. आपल्याकडच्या शेतकरी आजीचा मेंदू समजायचा तर तिच्या बोलीतल्या चाचण्या हव्यात आणि त्यासाठी बसणाऱ्या आज्या हव्यात. कुठं अभ्यास चालू आहेत ते क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडियाच्या संकेतस्थळावर शोधता येतं. नाव देण्यापूर्वी नीतिसमितीची मंजुरी पाहा, संमतिपत्र मराठीत मागा, मधेच बाहेर पडता येतं ना ते विचारा. कोणी भाग घ्यायचे पैसे मागितले तर उठून या.

मेंदूदानाबद्दल मी शेवटी, हळू आवाजात बोलतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या संस्थेत 1995 पासून मेंदूपेढी आहे. वैद्यकीय महाविद्यालयाला देहदान केलं म्हणजे मेंदू संशोधनाला मिळाला असं होत नाही. मृत्यूनंतर हाताशी थोडेच तास असतात, म्हणून कुटुंबानं आधी बोलून, कोण नेणार आणि कसं ते ठरवून ठेवावं लागतं. हिच्या वेळी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती गेली त्या पहाटे मी फक्त तिची कात्री उशाशी ठेवली.

मंडळाच्या सेक्रेटरींना मात्र आषाढी झाली की लगेच भेटा. कार्यक्रमपत्रिका छापखान्यात गेली की मग वीस मिनिटंसुद्धा मिळत नाहीत.