प्रतापगडावर जायचंय? मग मावळ्याचा अंगरखा घरीच शिवा

शिवप्रतापदिनाला गडावर जाणाऱ्यांनो, यंदा ड्रेस भाड्याने आणू नका. तो चमकणारा सॅटिनचा ड्रेस पायऱ्या चढताना घामाने अंगाला चिकटतो, वर पाठीला चेन, मावळ्याच्या अंगरख्याला कसली आलीय चेन? आणि माझं ऐकाल तर महाराजांचा नाही, मावळ्याचाच वेश करा, साधा असतो, घरी जमतो आणि त्यात दिवसभर वावरता येतं. दिवस तिथीने असतो, मार्गशीर्षात, तारीख दरवर्षी सरकते म्हणून कॅलेंडर बघून महिनाभर आधीच कामाला लागा.

कापड मांजरपाट, म्हणजे जाडसर कोरं सुती घ्या, मोठ्या माणसाच्या घेरदार अंगरख्याला मला साडेचार-पाच मीटर लागतं. रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच कात्री लावायची, मी पहिल्या वर्षी तसंच शिवलं आणि एका धुण्यात बाह्या मनगटाच्या वर गेल्या, भावाला घालताच आला नाही, इतकं वाईट वाटलं. रंग हवा असेल तर कापड आधी तुरटीच्या पाण्यात आणि मग मंजिष्ठाच्या काढ्यात उकळा, छान विटकरी लाल येतो. हळद नको, उन्हात उडते.

छातीच्या मापात चार इंच जादा धरा. १० नोव्हेंबर १६५९ ला महाराज याच गडाच्या पायथ्याशी अफजलखानाला भेटले तेव्हा अंगरख्याखाली चिलखत होतं आणि मंदिलाखाली शिरस्त्राण, म्हणजे आत एवढं सगळं मावेल इतका तो सैल होता! आपल्याला चिलखत नको पण सकाळी गडावर वारा बोचतो, आत स्वेटर घालायचा, दुपारी काढून पिशवीत टाकायचा. कमरेखाली कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा पट्ट्या, जोडून घेर द्या आणि बगलेत तीन इंचाचा चौकोनी तुकडा विसरू नका, नाहीतर हात वर करून जयजयकार केला की शिवण उसवलीच समजा. बटण अजिबात नको, त्याच कापडाचे बंद शिवून गाठ मारायची. खाली सुरवार, कमरेला शेला, खांद्यावर घोंगडी, पायात चामड्याच्या वहाणा, पण नव्या कोऱ्या नको, आठवडाभर घरात वापरून मऊ करून घ्या.

बायकांनी नऊवारीचा काष्टा घट्ट घ्यावा आणि खणाची चोळी, पायऱ्यांवर मी साडी घोट्याच्या जरा वरच ठेवते.

मशाली असतील तिथे पॉलिस्टरचं काहीच अंगावर नको, ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. तलवार लाकडी, ती पण गर्दीत म्यानात. फेटा गाडीत नाही, गडावर पोचल्यावर बांधा, घाटातल्या वळणांत सैल होतो. भवानीमातेच्या दर्शनाला सकाळी लवकर जा, मग पालखीबरोबर निवांत चालता येतं, ढोल-ताशा सुरू झाला आणि आपण स्वतः शिवलेल्या अंगरख्यात त्या तटावर उभे असलो की अंगावर काटा येतो हो, शब्दात नाही सांगता येत.

आणि पोरांचा शिवताना घेराला खाली तीन इंच दुमड ठेवा, पुढच्या मार्गशीर्षात उसवून सोडता येते.